गप्प कोणाच्या खांद्यावर

आमच्या गल्लीत सकाळी अकराच्या सुमारास एक भाजीवाली येते. पारोळ्याकडची आहे, बोलते अहिराणी, आणि तिची हाक "गिलके, पोकळा, मेथीऽऽ" अशी इतकी लांब असते की शेवटची मेथी मागच्या गल्लीत ऐकू जाते. फेब्रुवारीतली गोष्ट. पिल्लू सकाळी आल्यापासून रडून राहिला होता (खरं नाव लिहीत नाही, माझ्या पाळणाघरात तशीही सगळी पिल्लूच असतात). आठ महिन्यांचा. आधी आई गेली म्हणून रडला, मग मी घेतलं म्हणून, मग मी खाली ठेवलं म्हणून, आणि नंतर नंतर नुसतंच लागलेलं रडणं, म्हणजे आपण कशासाठी सुरू केलं होतं हे त्याचं त्यालाही आठवत नसावं पण बंद कसं करायचं तेही माहीत नाही. मी त्याला कडेवर घेऊन गेटवर गेले. भाजी घ्यायची नव्हतीच, त्याला गाडी दाखवायची, वांगी दाखवायची, कुत्रं दाखवायचं, काहीही. भाजीवालीने हात पुसत पुसत विचारलं, "कसाले रडस वं हाऊ इतला?" म्हटलं नवीन आहे, आईची सवय आहे. "आन इकडे, दे माले," म्हणाली. तिच्या नखांत मेथीची माती, हात ओले, आणि मी इकडे प्रत्येक आईबापाला दारात सॅनिटायझर लावायला लावणारी बाई, देऊ की नको असा विचार करेपर्यंत तो तिच्या खांद्यावर गेलासुद्धा. आणि गप्प झाला. दोन हुंदके, एक मोठा श्वास, मग तिच्या गळ्यातली पोत धरून ओढायला लागला. ती त्याच्याकडे बघतही नव्हती. एका हाताने समोरच्या वहिनींना भरताची वांगी तोलून देत होती, भाव करत होती, आणि मध्येच मला म्हणाली, "हाऊ त काहीच रडत नही वं माय, तू उगाच नाव ठेवस."

मला राग आला.

म्हणजे आधी हायसं वाटायला पाहिजे होतं. दीड तास कानाशी भोंगा वाजत होता तो बंद झाला, बाकीची तीन पोरं आत शांत खेळत होती, मदतीला येणाऱ्या मावशींना वरणाचा कुकर लावायला सवड मिळाली, सगळं चांगलंच झालं होतं. पण माझ्या पोटात काहीतरी आंबट फिरलं, आणि ते दुपारभर गेलं नाही. मी मेथीची जुडी घेतली, पैसे दिले आणि पिल्लूला तिच्या खांद्यावरून काढून घेतलं, जरा जास्तच पटकन, आणि अर्थातच तो परत सुरू झाला. भाजीवाली हसली. तिच्या हसण्यात काही नव्हतं, ती रोजच हसते, पण मला त्या दिवशी त्यात बरंच काही दिसलं.

पाळणाघर चालवणाऱ्या बाईला रडण्याची भीती वाटत नाही असं लोक समजतात. माझ्याकडे बरीच वर्षं मुलं येतात, जळगावात पिंप्राळ्याकडच्या नवीन कॉलन्या झाल्या, दोघं नोकरीवाले वाढले तशी वाढली, आणि रडणं माझ्या कानाला इतकं सवयीचं आहे की कूलरसारखं पाठीमागे चालू राहतं. पण ते सवयीचं म्हणजे कोणतं, तर ज्याचं कारण सापडतं ते. बाळ रडायला लागलं की माझे हात आपोआप फिरतात. डायपर, मग पोट कडक आहे का, मग कपड्यात मुंगी, मग मान आणि काखेतल्या घामोळ्या, मग कान. आडवं केलं की जास्त रडतं आणि उभं धरलं की कमी होतं तर कान दुखत असू शकतो, हे मला एका डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि ते पुष्कळदा खरं निघालं. पायाची बोटं मी हटकून बघते. आईचा लांब केस मोज्यात जाऊन बोटाला असा गुंडाळतो की बोट लालनिळं होतं आणि घरातले सगळे मिळून दृष्ट काढत बसतात. ताप, उलटी, किंवा नेहमीपेक्षा वेगळाच बारीक चिरका आवाज आला तर मी माझं डोकं चालवत नाही, सरळ आईला फोन आणि दवाखाना. एवढं सगळं बघून झालं, काही सापडलं नाही, तरी रडतंय, तिथून पुढे खरं काम सुरू होतं आणि त्या कामाला काही पद्धत नाही.

पिल्लूच्या आईला वाटायचं त्याचं पोट दुखतं. ती बँकेत आहे, मी तिला मॅडम म्हणते आणि ती मला काकू. तिने कुठेतरी वाचलं होतं कॉलिकबद्दल, म्हणजे ठणठणीत तान्ह्या बाळाचं तासन् तास न थांबणारं रडणं. मीही वाचलेलं आहे, ह्या धंद्यात रात्री मोबाईलवर हेच वाचणं होतं. अमेरिकेत वेसल म्हणून डॉक्टर होते, त्यांनी १९५४ साली तीनचा हिशोब घालून दिला, दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त, आठवड्यात तीन दिवसांपेक्षा जास्त आणि असं तीन आठवड्यांच्या वर चाललं तर त्याला कॉलिक म्हणायचं. मला हा हिशोब वाचून हसू आलं होतं. घड्याळ लावून कोण बसलं असेल? तर खरंच बसवलं होतं, आठच वर्षांनी १९६२ मध्ये ब्रेझल्टन नावाच्या दुसऱ्या डॉक्टरांनी ८० बाळांच्या आयांकडून रोजच्या रडण्याची नोंद करून घेतली. त्यात दिसलं की अगदी ठणठणीत बाळंही जन्मानंतर जास्त जास्त रडत जातात, सहाव्या आठवड्याच्या आसपास दिवसाला पावणेतीन तासांपर्यंत पोचतात आणि मग हळूहळू उतरतात, तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत बरंचसं ओसरतं. हे मी प्रत्येक बाळंतिणीला सांगते, कारण सहाव्या आठवड्यात घरात जे काही बदललेलं असतं त्याच्यावर सगळं खापर फुटतं, सून वांगं खाते, दूध बाधलं, पाळणा चुकीच्या दिशेला टांगला. पण पिल्लू आठ महिन्यांचा होता. त्याचं पोट मऊ होतं, भूक चांगली होती, वजन वाढत होतं. त्याला दुखत काही नव्हतं. त्याला माणसं ओळखायला यायला लागली होती, एवढंच.

आता ह्यात मला सरकारची जरा गंमत वाटते. २०१७ साली कायदा बदलला आणि पगारी बाळंतपणाची रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, चांगलंच झालं, त्याच्या आधी तीन महिन्यांचं लेकरू माझ्याकडे टाकून जाताना बायकांच्या ब्लाउजवर दुधाचे डाग असायचे, ते मी पाहिलेत. पण २६ आठवडे म्हणजे सहा महिने, त्यातले काही बाळंतपणाआधीच गेलेले, त्यात साठवलेल्या सुट्ट्या घालून कोणी सातवा-आठवा महिना गाठते. आणि बाळ नेमकं तेव्हाच परकं माणूस बघून ओठ काढायला शिकतं. तीन महिन्यांचं बाळ कोणाच्याही कडेवर जातं हो. आठ महिन्यांच्याला आपली आई कोणती ते पक्कं कळतं, ती दारातून गेली की परत येईल हे मात्र कळत नाही, आणि ते कळेपर्यंत, म्हणजे साधारण दहाव्या महिन्यापासून दीड वर्षापर्यंत, हे रडणं सगळ्यात जोरात असतं. त्याच बदलात असंही आलं की ५० किंवा जास्त माणसं कामाला असली तर तिथं पाळणाघर पाहिजे आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाला भेटू दिलं पाहिजे. मॅडमच्या ब्रँचला सगळे मिळून डझनभर लोक नसतील. तिची चार वेळची भेट म्हणजे दुपारी दीडला फोन. "काकू, रडला का?" मी म्हणायचे, "थोडा." हा थोडा शब्द मी फार वापरलाय. पाव तासालाही थोडा आणि दीड तासालाही थोडा, आणि तीही त्यावर पुढे कधी विचारायची नाही.

एक दुपार मात्र लिहायलाच पाहिजे. मार्च संपत आला होता, ऊन चढलेलं, लाईट गेली आणि कूलर बंद पडला. ज्यांच्या घरी पाळणाघर नाही त्यांना कूलर बंद पडणं म्हणजे गरम होणं एवढंच वाटेल. आमच्याकडे कूलर म्हणजे अंगाईगीत आहे. ती घरघर, तो ओल्या वाळ्याचा वास, पाण्याचा ठिबक ठिबक आवाज, ह्यावर पोरं झोपतात, आणि तो थांबला की रेल्वे थांबल्यावर डब्यातले सगळे झोपलेले उठून बसतात तसे एकदम उठतात. पिल्लू उठला आणि लागला. मी झोळीत झुलवलं, खांद्यावर घेतलं, पाठीवर थोपटलं, भिंतीवरची पाल दाखवली, स्टीलच्या ताटावर चमचा वाजवला, ओल्या फडक्याने तळपाय पुसले. तो मागे मान टाकून, पाठीची कमान करून, लालबुंद होऊन रडत होता आणि त्याच्या घामाने माझा गाऊन खांद्यावर ओला झाला होता. आणि मग मला माझ्या हातांची जाणीव झाली. माझी बोटं त्याच्या दंडाभोवती जरा घट्ट झाली होती. काही केलं नाही मी, करणारही नव्हते, पण ते घट्ट होणं मला जाणवलं आणि मी त्याला जमिनीवरच्या गादीवर पाठीवर ठेवलं, आजूबाजूच्या उशा काढल्या, मावशींना उंबऱ्यात बसवलं आणि मागच्या ओट्यावर जाऊन उभी राहिले. शेजारच्यांनी बिबडे, ज्वारीचे पापड, वाळत घातले होते. मी ते बघत बसले, कोणते वाळलेत कोणते ओले आहेत. आतून आवाज येतच होता. पाच-सात मिनिटांनी आत गेले तेव्हा तो तितकाच रडत होता, पण माझे हात माझे झाले होते.

हे मी नवीन बायकांना, पोरांच्या बापांना, सगळ्यांना सांगते, आणि ह्यात लाजायचं काही नाही. हात तापले की बाळ खाली ठेवा, सुरक्षित जागी, आणि बाहेर या. रडून बाळाला काही होत नाही. हलवल्याने होतं. त्यांची मान कच्ची असते, डोकं अंगाच्या मानाने जड, रागाने चार वेळा गदागदा हलवलं तरी आत मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, आणि बाहेरून एक ओरखडाही दिसत नाही. चांगली माणसंही हे करून बसतात, दुष्ट असायची गरज नसते, रात्रभर जागरण झालेलं असलं की पुरतं.

बाकी रडणं बंद करायचे उपाय आपल्याकडे कमी नाहीत. माझ्या सासूबाईंच्या पेटीत अजून घुटीची सहाण आहे. मुरुडशेंग, वेखंड, हळकुंड, सुंठ, खारीक, बदाम, जायफळ, प्रत्येकाचे किती वेढे उगाळायचे हे त्यांना पाठ. जायफळाचा वेढा वाढला की बाळ झोपतं, आणि ते झोपतं म्हणूनच सगळ्यांना जायफळ आवडतं. सासूबाई अमळनेरच्या, गिरणीच्या भोंग्यावर दिवस उठायचा आणि मावळायचा अशा काळातल्या. त्यांच्या लहानपणी म्हाताऱ्या बायका 'गोळी'बद्दल बोलायच्या म्हणे, खालच्या आवाजात. मला वाटायचं सांगीवांगी आहे. मग वाचलं की मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बायका तान्ह्या पोरांना अफूची बाळागोळी देऊन जायच्या, शंभर वर्षांपूर्वीच्या सरकारी पाहण्यांत लेडी डॉक्टरांनी ते लिहून ठेवलंय. दहा तास साच्यावर उभं राहायचं, घरी बघायला कोणी नाही, पोरगं रडलं तर खोलीत कोंडलेलं रडणार, मग मोहरीएवढी गोळी. मी त्या बायकांना नावं ठेवणार नाही. आणि साहेब लोक काय वेगळे होते का, ते ग्राइप वॉटर म्हणतात ना, १८५१ साली इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्डने काढलेलं, त्यात सुरुवातीला चक्क दारू असायची. बाळ गप्प होणार नाही तर काय.

हे जुनं झालं म्हणावं तर एका आईने मला सर्दीचं सिरप दाखवून विचारलं होतं, "काकू, दुपारी अर्धा चमचा दिलं तर? तुम्हालापण आराम." तिला सर्दीशी घेणंदेणं नव्हतं, त्याने झोप येते एवढंच तिला माहीत होतं. मी नाही म्हटलं. त्याच वर्षी, म्हणजे २०२३ च्या डिसेंबरात, दिल्लीहून औषध नियंत्रकांचा आदेश निघाला होता की क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन ह्या सर्दीच्या औषधांच्या मिश्रणाच्या बाटलीवर 'चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये' असं छापा. मी तिला ते दाखवलं. ती ओशाळली, आणि पुढचा आठवडाभर माझ्याशी फार गोड बोलत होती, त्याचंच मला वाईट वाटत राहिलं. ती झोपलेली नव्हती महिनोन्महिने. तिला कोणीतरी अर्धा चमचा द्यायला पाहिजे होता.

मी स्वतः झोळीत वाढले आणि झोळी सांभाळत वाढले. चोपड्याकडे आमचं थोडं वावर होतं, कापूस वेचणीच्या दिवसांत आई निंबाच्या फांदीला जुनं लुगडं बांधायची, त्यात माझा धाकटा भाऊ आणि खाली मी, दोरी माझ्या पायाच्या अंगठ्याला. पाय हलवायचा, झोळी हलायची. मला त्या वेळचं त्याचं रडणं आठवत नाही, रडला असणारच, पण मला आठवतं ते कापसाच्या बोंडाची कोरडी टरफलं पायाला टोचायची ते, लुगड्याला येणारा आईचा आणि राखेचा वास, आणि लांब ओळीत वाकलेल्या बायका ज्यातली आपली कोणती ते पाठीवरून ओळखायचं. तो फारच लागला की आई ओळीच्या टोकापर्यंत वेचत वेचत यायची, मधूनच सोडून नाही, टोकापर्यंत, मग त्याला अंगावर घ्यायची. म्हणजे तो ओळ संपेपर्यंत रडायचा. कोणी त्यावर लेख लिहिले नाहीत. तो आता सुरतला आहे, चांगला आहे, फक्त फोनवर फार मोठ्याने बोलतो.

पिल्लूच्या बाबांनी, ते नाशिकला असतात, कॅमेरा बसवा म्हणून सुचवलं. पुण्यात माझ्या मुलीच्या ओळखीत सगळीकडे असतो म्हणे. मी बसवला, लपवायचं काय आहे. पण त्या कॅमेऱ्यात आवाज येत नाही. एकदा संध्याकाळी मॅडमनी मला तिच्या मोबाईलवर दुपारचं दाखवलं, हसत हसत, "बघा काकू, किती छान गात होता तुमच्या मांडीवर." मी बघितलं. तोंड उघडं, डोळे मिटलेले, हात वर. तो गात नव्हता. तिलाही ते माहीत असावं असं मला वाटतं, पण मी म्हटलं, हो, आवाज चांगला आहे त्याचा.

आणि मग एप्रिलमध्ये कधीतरी तो बदलला. एकदम नाही, आधी खिडकीतल्या खारीसाठी थांबायला लागला, मग जेवताना. आमच्याकडे केळं कुस्करून पहिला घास, जळगावात दुसरं काय असणार, आणि केळ्याच्या वाटीला तो दोन्ही हातांनी धरायचा. मग एक दिवस सकाळी आई गेली तेव्हा फक्त ओठ काढले आणि माझ्या मानेत तोंड घातलं. माझ्या मानेत. त्याचा गरम श्वास गळ्यावर, लाळ, डोक्याला खोबरेल तेलाचा वास. मला काय वाटलं ते लिहायला थोडा संकोच वाटतो कारण मी ह्याचे महिन्याला पैसे घेते. जिंकल्यासारखं वाटलं. आणि त्याच संध्याकाळी मॅडम आल्या, दारातूनच हात पसरले, तोंडभर हसू, हेल्मेटही काढलेलं नव्हतं, आणि हा पठ्ठ्या माझ्या खांद्याला चिकटून राहिला. बघितलं तिच्याकडे आणि परत तोंड फिरवलं. एखादाच मिनिट असेल. मग गेला तिच्याकडे, हेल्मेटमुळे ओळखलं नसेल, मी तसं बोललेही. पण त्या मिनिटात तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखलं. ते माझ्या पोटात भाजीवालीच्या गाडीजवळ फिरलं होतं तेच होतं.

तेव्हा मला त्या फेब्रुवारीच्या रागाचा पत्ता लागला. मुलाचं रडणं थांबावं असं आम्हाला सगळ्यांना वाटतं, आईला, आजीला, मला, मावशींना, अगदी समोरच्या वहिनींनाही, पण ते आपल्या खांद्यावर थांबावं असं वाटतं. दुसरीच्या खांद्यावर थांबलं की आपण इतका वेळ काय करत होतो असा प्रश्न उभा राहतो. मॅडमना तर रडला नाही ह्याचाही त्रास आणि रडला ह्याचाही. रडला तर आपण नोकरीसाठी लेकराला टाकून जातो, नाही रडला तर त्याला आपली गरज उरली नाही. ह्यातून तिची सुटका कशी करायची ते मला येत नाही. मी फक्त तिला म्हटलं की आईकडे आल्यावर पोरं जी पिरपिर करतात ना, माझ्याकडे दिवसभर शहाण्यासारखं वागून तुम्हाला बघितल्याबरोबर भोकाड पसरतात, ते तुमच्यावरच्या हक्काचं असतं, माझ्यावर तेवढा हक्क नाही. हे मी समजूत घालायला बोलले होते पण बोलताना मला ते खरंच वाटलं, आणि जरा बोचलंही.

भाजीवालीला मी नंतर एकदा विचारलं, तू काय केलं होतंस त्या दिवशी. तिला आठवतही नव्हतं. मग म्हणाली, "काय करनं शे? मना धाकला बी असाच व्हता. निंबले झोळी बांधू, रडी रडी झोपी जाये." मला वाटतं तिला त्याला गप्प करायची घाई नव्हती. मी त्याला घ्यायचे ते 'आता थांब' असं मनात म्हणत, अंग ताठ करून, आणि बाळाला ताठ अंग कळतं. तिचं लक्ष वांग्यांवर होतं. किंवा तो दमलाच होता आणि तिचा खांदा नेमका त्या वेळेला आला, असंही असेल. मला हे दुसरं कारण जास्त आवडतं, उघड आहे.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे अर्ध्या बायका माहेरी जातात, गल्ल्या रिकाम्या होतात, झोके बांधतात, पण बँकेला सुट्टी नव्हती. पिल्लू एकटाच आला होता त्या दिवशी. मी पुरणाचे मांडे करायला घेतले होते, खापर तापलेलं, म्हणून मावशींनी त्याला झोळीत घातलं आणि मी लांबून दोरी ओढत होते. तो काही रडला नाही. जागाच होता, छताकडे बघत स्वतःशीच काहीतरी बडबडत होता, आणि मला मात्र दर थोड्या वेळाने जाऊन बघावंसं वाटत होतं, इतका वेळ गप्प कसा म्हणून. आमच्या नशिबात दोन्हीकडून काळजी.

मागच्या आठवड्यात एका आजीचा फोन आला. भुसावळहून मुलगा-सून इकडे बदलून येतायत, नातू सात महिन्यांचा. बराच वेळ इकडचंतिकडचं बोलल्या, फी विचारली, वेळ विचारली, जेवणात काय देता विचारलं. मग जरा थांबून म्हणाल्या, "जरा रडका आहे हो तो. तुम्ही त्याचे जास्त तर घेत नाहीत ना?" म्हटलं नाही, रडण्याचे वेगळे पैसे नाहीत, सगळं त्यातच आलं. त्यांना ते पटलं नाही बहुतेक, दुसरीकडे त्यांना कोणीतरी नाही म्हटलेलं असणार. पहिला आठवडा सुनेला तासभर इथं बसू द्या, म्हटलं, मग अर्धा तास, मग कमी करत जाऊ. आणि तिची एक ओढणी आणा झोळीत ठेवायला. "नवी आणू का?" आजींनी विचारलं. नको, वापरलेली आणा. धुऊ नका.